पुतळीने रंगवलेली ॲम्बेसेडर

जोहे गावच्या काळुरामाकडे त्रेसष्ट गाड्या होत्या आणि एकीतही बसायची सोय नव्हती. सगळ्या ओतीव धातूच्या, तळहातावर मावणाऱ्या, चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीच्या. शर्यतीच्या चकचकीत गाड्यांकडे तो ढुंकूनही बघत नसे. त्याला लागत संसारी गाड्या, चार माणसं नि टपावर वळकटी घेऊन गावाला जाणाऱ्या. रोह्याच्या कंपनीतली शिफ्ट संपवून आला की हा गृहस्थ आधी गाड्या पुसणार, मग बायकोची विचारपूस करणार. पुतळी त्यांना सवती म्हणायची. बावीस वर्षांत तिने एकीलाही बोट लावलं नव्हतं.

हिरवी फियाट तेवढी त्याच्याकडे नव्हती. ती होती रोह्याला, त्याच्यासारख्याच गाड्या जमवणाऱ्या नथानियलकाकांकडे. सहा वर्षं मागे लागल्यावर काका एकदाचे पाघळले.

“तुझी क्रीम ॲम्बेसेडर दे, ही घेऊन जा. पण रंग मूळचा हवा. टवके उडालेले चालतील, वरून हात मारलेला चालणार नाही.”

काळुरामाचे पाय जमिनीवर ठरेनात. ॲम्बेसेडर टेबलावर काढून ठेवत तो पुतळीला म्हणाला, “ही उद्या रोह्याला द्यायची हाय गो,” आणि शिफ्टला गेला.

पुतळी गणपतीच्या कारखान्यात डोळ्यांची आखणी करते. टवका उडालेली मूर्ती गिऱ्हाईकाच्या हातात द्यायची नाही, हे तिथलं पहिलं शास्त्र. नवऱ्याची अब्रू जाईल म्हणून तिने ब्रश काढला.

काळुराम घरी आला तेव्हा ॲम्बेसेडर नव्या नवरीसारखी झळकत होती. पुढच्या दिव्यांत तर तिने डोळ्यांत देतात तसा पांढरा ठिपकाही दिला होता.

“कशी झाली?” पुतळीने विचारलं.

काळुरामाने गाडी उलटीपालटी करून बघितली. “झक्कास गो.”

दुसऱ्या दिवशी रोह्याला नथानियलकाकांनी गाडी भिंगाखाली धरली आणि हसू लागले. “अरे, हा मूर्तीचा रंग. पाण्यात धर, निघून जाईल, खाली मूळचा तसाच असेल. सौदा कायम!” त्यांनी वाडग्यात पाणी आणलं. शेजारी हिरवी फियाट ठेवली.

काळुरामाने फियाटकडे बघितलं. मग त्या ठिपक्यांकडे. एवढा बारीक ठिपका द्यायला पुतळीने श्वास रोखून धरला असणार. त्याने पाण्याचा वाडगा बाजूला सारला.

“नाय काका,” तो म्हणाला, “ही आता द्यायची नाय.”

तो घरी आला तेव्हा पुतळी दारातच उभी होती. “का वो, नाय आवडली त्यांना?”

“त्यांनी मागितली. मीच नाय दिली. तुजा हात लागलाय तिला.”

पुतळी लाजली, आणि लगेच पदर खोचून म्हणाली, “मंग बाकीच्या पन काढा भायेर. समद्यांचा रंग गेलाय.”

काळुरामाने गाड्यांच्या कपाटाकडे बघितलं. बासष्ट गाड्यांचा मूळ रंग! मग खिशातून कपाटाची किल्ली काढून त्याने तिच्या हातावर ठेवली.