सिनेमाच्या आधीचं तेवढंच

आमच्या घरात शब्दाच्या आधी हात उठायचा. बाबांचा ऑफिसातल्या लाकडी पट्टीसकट, आईचा पळीसकट. माझा थोरला भाऊ अण्णा हाताला लागेल ते भिरकावायचा, आणि मी धाकटी असल्यामुळे चावायचे. आम्ही तंजावूरचे मराठी. राजवाड्याच्या मागच्या गल्लीत राहणारे आमचे नातलग पूर्वजांच्या तलवारींचं कौतुक सांगत बसायचे. तलवारी कधीच काचेच्या कपाटात गेल्या. हात तेवढे वंशपरंपरेनं आमच्याकडं आले, आणि त्यातला सगळ्यात जड माझ्या वाट्याला आला. हे मी कौतुकानं सांगत नाही.

अण्णानं घराच्या पुढच्या खोलीत व्हिडिओ कॅसेटचं दुकान काढलं होतं. मी बी.कॉम. होऊन रिकामी होते, म्हणून मला तिथं बसवलं. आलेली कॅसेट मागं गुंडाळायची, मशीनचं हेड स्पिरिटनं साफ करायचं, कोण काय घेऊन गेलं ते लिहायचं. लोक सिनेमा बघायला कॅसेट नेत. मला सिनेमाशी देणंघेणं नव्हतं. सिनेमाच्या आधी कंपनीची जी निशाणी हलत यायची, तेवढीच मी बघायचे. तिला लोगो म्हणतात हे फार नंतर कळलं. मी शिक्का म्हणायचे.

काय एकेक शिक्के होते! जुने म्हणजे देवाची तसबीर, पुढं उदबत्तीचा धूर, आणि चौकटीबाहेरून कोणीतरी दोरीनं ओढलेली घंटा. नीट बघितलं तर दोरी दिसायची. मग हातानं काढलेल्या चित्रांचे आले. हत्ती सोंडेनं खडक फोडायचा आणि ढिगाऱ्यातून कंपनीचं नाव उठायचं. शंख तडकायचा, आतून वीज पडायची. त्रिशूळ सरळ आपल्या डोळ्यांवर यायचा आणि पडद्याला तडे जायचे. एक शिक्का म्हणून दार उघडून शहाण्यासारखा आत यायचा नाही, सगळे फोडून यायचे. मला ते आवडायचं, आमच्या घरातलीच माणसं वाटायची ती. पुढं कॉम्प्युटर आला आणि नुसती चकचकीत लोखंडी अक्षरं गरगर फिरायला लागली. सिनेमा काढणाऱ्याच्या शिक्क्याआधी कॅसेट काढणाऱ्याचा शिक्का येऊ लागला, आणि त्याच्याही आधी लाल अक्षरांत सूचना, की नक्कल करणं गुन्हा आहे. बेड्यांचं चित्रही असायचं. ती सूचनाही मी नक्कल करून ठेवली.

कारण मी सगळेच ठेवत होते. दोन मशीनं, मधे एक वायर, आणि एका कॅसेटवर एकामागून एक नुसते शिक्के. दुकानात आलेली कॅसेट चार दिवसांत पुढच्या गावी जायची. कंपनी बुडाली की तिच्या कॅसेटींवर दुसरे सिनेमे भरले जायचे आणि शिक्का जगातूनच जायचा. एका कंपनीचं कमळ पहिल्यांदा पाकळी पाकळी करत उमलायचं. दोन वर्षांनी तेच कमळ उमललेलंच यायला लागलं, मधलं कोणीतरी छाटलं होतं. हे साऱ्या गावात मला एकटीला माहीत होतं. माझ्या अंगात दुसरा काही गुण आहे असं मला कोणी तोवर सांगितलं नव्हतं, त्यामुळं ती कॅसेट म्हणजे मीच होते म्हणा ना.

एकदा पोलीस आले, चोरून केलेल्या कॅसेटी शोधायला. अण्णाच्या दोन थोबाडीत दिल्या आणि रॅकवरच्या कॅसेटी जमिनीवर ओतून बुटांनी चेचल्या. भाजलेले पापड पायाखाली यावेत तसा आवाज होत होता. अण्णाचं नाक फुटून रक्त आलेलं दिसत असताना मी काय केलं? ती एक कॅसेट साडीच्या आत पोटाशी दाबून उभी राहिले. अण्णाकडं वळूनही बघितलं नाही. यावरून काय ते समजा.

मग वैनी आल्या, अण्णाची बायको, थेट पुण्याहून. आमचे लोक हौसेनं तिकडून सून आणतात, भाषा सुधारेल म्हणून. भाषा कुठली सुधारते, ती बिचारी मुकी होते. तमिळ त्यांना येईना, आणि आमच्या मराठीचा हेल तमिळचा, निम्मे शब्द तमिळ. आम्ही मराठीच बोलतोय यावर त्यांचा विश्वास बसेना. मला त्या 'वन्सं' म्हणायच्या. हे आम्ही कधी ऐकलेलं नव्हतं, पहिले दोन दिवस मला ती शिवीच वाटली. पण दुपारी त्या दुकानात माझ्याजवळ येऊन बसायच्या, आणि मला त्या आवडायच्या. माझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठ्या, हळू बोलणाऱ्या. इतकं हळू बोलणारं माणूस मी तोवर बघितलं नव्हतं.

आमच्या घरात मराठी लिहायचं तर तमिळ अक्षरांत. वैनींना ते वाचता येत नव्हतं. हिंदीच्या परीक्षांपायी मी देवनागरी शिकले होते, म्हणून खास त्यांच्यासाठी माझ्या कॅसेटवर मी एक चिठ्ठी चिकटवली. ही कॅसेट हवी तर आधी मला सांगा, एवढंच म्हणायचं होतं. वळणदार अक्षरांत लिहिलं: 'पुसून घ्या'. 'घे' नाही, 'घ्या'. मानानं. माझी मीच खूश झाले.

एका रविवारी आई आणि मी तिरुवैयारूला आत्याकडं गेलो होतो. संध्याकाळच्या बसनं परत आलो. आई वाटेत देवळात थांबली, मी एकटी घरी आले तर वैनी दारातच उभ्या. त्यांचा चेहरा एवढा उजळलेला मी लग्नातही बघितला नव्हता. दुपारी टीव्हीवर मराठी सिनेमा लागला होता, म्हणाल्या. दिल्लीहून रविवारी एकेका भाषेतला सिनेमा दाखवत, त्यात मराठीची पाळी आली होती. अण्णा घरात नव्हता, तर मशीन त्यांनी स्वतःच लावलं आणि सिनेमा कॅसेटवर भरून घेतला. तुमची कॅसेट घेतली हं, वन्सं.

कॅसेटच्या मागच्या बाजूला प्लास्टिकची एक चकती असते. ती तोडली की त्या कॅसेटवर कोणाला काही भरता येत नाही. माझी मी केव्हाच तोडली होती. आता त्या भोकावर सेलोटेप चिकटवलेली दिसली. मी कॅसेट मशीनमध्ये घातली. हत्ती नाही, शंख नाही, त्रिशूळ नाही. एक आड होता, आणि नऊवारीतल्या दोन बायका पाणी ओढत होत्या.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी वळले आणि वैनींच्या डाव्या कानाखाली अशी ओढली की त्या टेबलावर आदळून खाली बसल्या. तेवढ्यानं माझं भागलं नाही. कॅसेट बाहेर काढली, फीत ओढली, हातभर हातभर ओढली, दातांनी तोडली, उरलेली कात्रीनं चिरली, आणि कॅसेट जमिनीवर आपटून वर टाच दिली. पोलिसांना नावं ठेवणारी मी.

वैनी रडल्या नाहीत. कानावर हात धरून जमिनीवरून म्हणाल्या, "तुम्हीच लिहिलंत ना, पुसून घ्या."

"मला पुसून घ्यायचं," मी ओरडले, "मला."

काहीच उमगलेलं नव्हतं त्यांना. आणि मलाही. तेवढ्यात अण्णा आला. लग्नाच्या निमित्तानं तो पुण्याला राहून आलेला होता. फुटलेल्या कॅसेटवरची चिठ्ठी वाचून त्यानं कपाळाला हात लावला. आम्ही पुसतो म्हणजे विचारतो. कोणाला रस्ता पुसतो, कोणाची खुशाली पुसतो. फरशी साफ करायला आमच्याकडं तमिळ शब्द आहे. तिकडं माणसाला विचारतात आणि फरशी पुसतात. वैनींनी वाचलं ते असं, की आधीचं पुसा आणि बिनधास्त घ्या. चकती तोडलेली बघून त्या घुटमळल्याही होत्या म्हणे, मग पुन्हा चिठ्ठी वाचून धीर केला.

अण्णा पट्टा काढून माझ्या अंगावर आला. वैनी मधे उभ्या राहिल्या. त्यांच्या बोटांमधून रक्ताचा बारीक ओघळ मनगटापर्यंत आला होता. मी उंबऱ्याला अडखळून पडले, एवढंच त्या म्हणाल्या. डॉक्टरला तेच सांगितलं, आईबाबांना तेच, पुण्याला पत्रात तेच. कानाचा पडदा फाटला होता. त्या कानानं त्यांना पुन्हा ऐकू आलं नाही.

मला लाज वाटली का? खोटं कशाला बोलू, त्या दिवशी नाही वाटली. त्या दिवशी मी माझ्या हत्तीसाठी रडले. लाज आठवड्यानं आली. मी डावीकडून हाक मारली, एकदा, दोनदा, आणि वैनी तांदूळ निवडत राहिल्या. तरी तोंडातून माफीचा शब्द निघाला नाही. मारायला जीभ लागत नाही ना, म्हणून ते आम्हाला सोपं जातं.

पुढं कॅसेटी गेल्या, दुकान गेलं, आईबाबा गेले. मी शाळेत हिशेब शिकवत राहिले, लग्न केलं नाही. अण्णा जाऊन सहा वर्षं झाली. आता घरात आम्ही दोघीच. हे मराठी मी लिहितेय ते वैनींनी शिकवलेलं. रस्त्यानं जाताना मी नेहमी त्यांच्या उजव्या हाताला चालते. वर्गातल्या पोरांवर, कोणावरच, मी पुन्हा हात उचलला नाही. शाळेत सगळे मला शांत बाई म्हणायचे. मी ऐकून घ्यायचे.

गेल्या वर्षी वैनींचा उजवा कानही मंद व्हायला लागला. ऐकायचं मशीन बसवायला कानाच्या डॉक्टरकडं गेलो. डॉक्टर तरुण बाई. तिनं डाव्या कानात बघितलं आणि हे कशानं झालं म्हणून तमिळमध्ये विचारलं. वैनी आता आमच्यापेक्षा चांगलं तमिळ बोलतात. त्यांनी सुरुवात केली, उंबऱ्याला अडखळून.

"मी मारलं होतं," मी म्हणाले.

डॉक्टरबाईचं पेन थांबलं. वैनींनी माझ्याकडं असं बघितलं की दुसऱ्यांदा मारलं असतं तरी तसं बघितलं नसतं. पडले असंच लिहा, त्या डॉक्टरला म्हणाल्या. पर्स उचलून बाहेर निघाल्या.

आम्ही ऑटोत बसलो. मोठ्या देवळाशी वळलो तेव्हा म्हणाल्या, "कानाचं काय कौतुक सांगता लोकांना. त्या कॅसेटीत काय होतं, तीस वर्षांत एकदा तरी पुसलंत?"

मी म्हणाले, सिनेमा होता. मराठी.

"माझे बाबा होते त्यात."

वैनींचे वडील त्यांच्या लग्नाआधीच वारले होते. घरात त्यांचा एक फोटो, कोट घातलेला. ते हौशी नाटकांतून कामं करायचे आणि एकदाच सिनेमात दिसले होते, पोस्टमन म्हणून. सायकलवरून येतात, पत्र देतात, प्यायला पाणी मागतात. दोन मिनिटांचं काम. वैनींनी ते त्या रविवारी, वडील गेल्यानंतर पहिल्यांदाच, बघितलं. म्हणून दारात तशा उभ्या होत्या. मला बाबा दाखवायचे होते त्यांना.

मी देवापुढं मारून घेतात तशा दोन्ही हातांनी गालावर मारून घेऊ लागले. आरशात ऑटोवाला बघत होता. वैनींनी माझं मनगट धरलं. हे नाटक बंद करा, म्हणाल्या, आणि शोधा.

शोधायला मी सोडून आहे कोण? जुने लोगो जमवणाऱ्यांचा फोनवर एक गट आहे, चेन्नईपासून कोल्हापुरापर्यंत. त्यात मी म्हातारी सगळ्यांत जुनी, मला मान आहे. सिनेमाचं नाव टाकून विचारलं. कोणाकडं नव्हता. काढणारी कंपनी नाही, तिच्या रिळांच्या पेट्या नाहीत. मी पुन्हा पुन्हा विचारत राहिले, लोकांच्या डोक्यावर मिरे वाटले. तिसऱ्या महिन्यात एकाचं उत्तर आलं. आहे. त्याच रविवारी टीव्हीवरून भरून घेतलेला. पाठवतो.

मी वैनींना हाक मारली. त्यांनी वेणी घातली, इस्त्रीची साडी नेसली, कानात नवं मशीन लावलं आणि माझ्या डावीकडं खुर्ची ओढून बसल्या, म्हणजे चांगला कान माझ्याकडं येईल. मी लावलं. काळोखात पितळी समई. एक हात येतो, पाच वाती एकेक करून लावतो. सनई वाजते. ज्योती फुटून त्यांची अक्षरं होतात, कंपनीचं नाव. सुरेख शिक्का, मी कधी न बघितलेला. मग पडदा काळा.

खाली त्या माणसाचा निरोप होता, तो मी तेव्हा वाचला. सिनेमा अगदीच रटाळ होता ताई, म्हणून मी लोगो तेवढा ठेवला आणि बाकीच्या टेपवर दुसरं भरलं. तुम्हाला आवडेल याची खात्री आहे.

वैनींना चष्म्याशिवाय ती बारीक अक्षरं दिसत नाहीत. त्या काळ्या पडद्याकडंच बघत होत्या, दोन्ही हात मांडीवर.

"पुढं?" त्या म्हणाल्या.