शेवटच्या बाकावरचा कान

वडवणीच्या स्टँडमागे एका मिस्त्रींचं पाण्याच्या मोटरी दुरुस्त करायचं दुकान होतं. कुठलीही मोटर नेली की ते स्क्रू-ड्रायव्हरचं टोक तिला टेकवायचे, मूठ कानाला लावायचे आणि डोळे मिटून म्हणायचे, "आधी आईकायचं, मंग खोलायचं." घाई करणाऱ्याला सरळ परत पाठवायचे.

एका दुष्काळात कारखान्याचा टँकर शाळेचा हौद भरून गेला, पण पाणी वर टाकीत चढवणारी मोटर नुसती गुरगुरत राहिली. पोरं तहानेनं रडकुंडीला आली. मिस्त्री आले, मोटरीपाशी बसले आणि म्हणाले, "सर, माझ्या पोरीला बोलवा. तिचा कान माझ्याहून लई तेज हाय."

त्यांची मुलगी मी शिकवायचो त्याच नववीत होती. माझ्या वर्गात मुलं मार्कांच्या क्रमानं बसत, आणि ती शेवटच्या बाकावर.

"तिचा सराव पेपर चाललाय," मी म्हणालो. "आधीच मार्क कमी आहेत."

मिस्त्रींनी हत्यारांच्या पिशवीची चेन ओढून बंद केली. "मंग पेपर झाल्यावर येतो."

मुख्याध्यापक माझ्याकडे रोखून बघत होते. मी तिला बोलावलं.

"सर, बटण दाबा," ती म्हणाली. मूठ कानाला, डोळे मिटलेले. "अब्बा, मोटरीच्या पंख्यात खडा हाय."

खोललं तर खडाच निघाला.

नळाला पाणी आलं. माझा वर्ग सवयीनं मार्कांच्या क्रमानं रांगेत लागला. तीही हात पुसत गेली आणि शेवटी उभी राहिली.

"ही रांग कुणी लावली, सर?" मिस्त्रींनी हळूच विचारलं.

उत्तर मला येत होतं.