पंचनाम्याआधी फोडलेली कपाटं

गाढी नदीचं पाणी आमच्या वनस्पतिशास्त्र विभागात शिरलं आणि दोन दिवस मुक्काम ठोकून गेलं. मागे राहिला घोट्याएवढा चिखल, त्यात उपडे पडलेले सूक्ष्मदर्शक आणि फुगून दारं गच्च बसलेली लाकडी कपाटं. पनवेल-उरणच्या खाजणांत, मिठागरांत जे जे उगवायचं ते दाबून, वाळवून, जाड कागदावर लावून आम्ही त्या कपाटांत जपलं होतं. तो संग्रह गेला तर विद्यापीठ आमचा एम.एस्सी.चा वर्ग बंद करणार, हे उघड होतं. आणि मग गावांतून येणाऱ्या आमच्या मुलींनी काय करायचं? त्यांना घरचे पनवेलच्या पुढे शिकायला पाठवणार नव्हते.

प्राचार्यांनी बजावलं, पंचनामा होईपर्यंत कशाला हात लावायचा नाही. आणि मी शहाणी, ऐकलं! आयुष्यभर पोरींना बुरशी शिकवली आणि स्वतः दोन दिवस त्या कपाटांसमोर खुर्ची टाकून तलाठ्याची वाट बघत बसले. त्याची मला आजही लाज वाटते.

तिसऱ्या दिवशी आमच्या प्रयोगशाळेतल्या मदतनीस मावशी आल्या. उरणकडच्या कोळी. स्वतःच्या घरातला चिखल उपसून मगच आल्या होत्या. कपाटाच्या फटीला नाक लावलं आणि म्हणाल्या, “मॅडम, सडाय लागलंय. थांबलात तर नुसता पंचनामाच ऱ्हाईल.”

मग मात्र माझं डोकं फिरलं. पहार मागवली आणि पहिलं दार मीच फोडलं. प्राचार्य धावत आले, जबाबदारी कोणाची म्हणून विचारू लागले. माझी, म्हटलं, हवं तर लिहून देते.

ओले कागद घेऊन मी गच्चीकडे निघाले. भर आषाढात गच्चीवर वाळवण! मावशींना हसू आवरेना. पावसात उन्हाच्या भरवशावर मासळी सुकत नाही, म्हणाल्या. छपराखाली टांगायची, वारा खेळता ठेवायचा आणि सारखी उलटायची. वरच्या मजल्यावरच्या वर्गात त्यांनी दोऱ्या बांधल्या, पंखे सोडले. पोरींनी घरोघरची रद्दी आणली. ओला कागद काढायचा, कोरडा घालायचा, दिवसातून चार-चार वेळा. अर्धीअधिक रोपं वाचली.

पण चिठ्ठ्यांवरची शाई धुऊन गेली होती. रोप कुठलं, कधीचं, हे माहीत नसेल तर त्याला वाळक्या गवताइतकीच किंमत. मी डोक्याला हात लावून बसले. मावशी दोरीपाशी गेल्या, एक कागद हातात धरून म्हणाल्या, “ह्ये मोरस, खारी भाजी. जासईच्या मिठागराच्या बांधावरचं. तुमी चिखलात बसकण मारलीत त्या सालचं.”

ते साल मी कसं विसरेन! रोपं गोळा करायच्या प्रत्येक सहलीला सामान वाहत मावशी असायच्याच. एकेका रोपामागे त्यांच्याकडे कोणाची तरी फजिती होती आणि फजिती सांगितली की आम्हाला वर्ष आठवायचं. त्या सांगत गेल्या, मी लिहीत गेले. त्यांना आठवलं नाही तिथे रकाना कोरा सोडला.

मग विद्यापीठाची समिती आली. खालच्या मजल्यावरचा चिखल उपसता उपसता मावशीही वर येऊन दाराशी उभ्या राहिल्या. पंचनाम्याआधी कपाटं फोडल्याबद्दल अध्यक्षांनी मला आधी सुनावलं. नव्या चिठ्ठ्या कशा लिहिल्या ते मी सांगितल्यावर म्हणाले, एका मदतनीस बाईच्या आठवणीवर विद्यापीठानं विश्वास ठेवायचा? पुरावा काय?

“जासईला चला, सर,” मी म्हटलं. “ते मिठागर बुजवून त्यावर कंटेनर उभे केलेत. तुमचा पुरावा त्यांच्याखाली आहे. माझा इथे उभा आहे.”

नोकरीवर गदा आली असती तरी मी ते बोलले असते. पुढे संग्रह पुन्हा उभा करायला आम्हाला वर्षभराची मुदत मिळाली आणि वर्ग टिकला. पण त्या वेळी अध्यक्ष पुन्हा एकेक चिठ्ठी वाचू लागले. गोळा करणाऱ्याच्या रकान्यात इतकी वर्षं माझं नाव असायचं. कमरेएवढ्या चिखलात मावशी उतरायच्या आणि आयत्या पिठावर रेघोट्या मी ओढायचे. या खेपेला मी ते नाव बदललं होतं. कोणाला सांगितलं नव्हतं, मावशींनाही नाही.

अध्यक्षांनी चिठ्ठी वर धरून ते नाव मोठ्यानं वाचलं आणि हे प्राध्यापक कोण, म्हणून विचारलं.

मी तोंड उघडायच्या आत मावशी पुढे झाल्या. पदर खोचलेला, हात चिखलाचे.

“मी हाय,” त्या म्हणाल्या.