आधी पट्टा, मग सुई

रक्त काढणाऱ्यांना किस्से गोळा करावे लागत नाहीत, ते आपोआप साचतात. आमच्यासमोरच्या खुर्चीत बसलेला माणूस बहुतेक वेळा उपाशी असतो आणि थोडा तरी घाबरलेला असतो. उपाशी, घाबरलेला माणूस काहीही बोलतो. आमच्या बॅचमध्ये तर खुर्चीच्या दोन्ही बाजूंना घाबरलेलीच माणसं होती, त्यामुळे किस्से दुप्पट.

रक्त काढायला शिकवणाऱ्या या कोर्सला मी का गेले ते आधी सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. माझी मुलगी मैत्री अगदी लहान असताना तिचं हिमोग्लोबिन कमी आहे का ते बघायचं होतं. नेलं एका ठिकाणी. तिथल्या माणसाला शीर सापडेना. उजवा हात, डावा हात, परत उजवा. मी तिला घट्ट धरून बसले होते, म्हणजे टोचणाऱ्याला मीच सामील होते, असं तिचं तेव्हापासूनचं मत. त्यानंतर पांढरा कोट दिसला की ती दोन्ही हात फ्रॉकच्या आत ओढून घ्यायची. आणि डॉक्टर म्हणाले होते, औषध चालू ठेवा, पण मधूनमधून रक्त तपासत राहावं लागेल.

पुढच्या वेळी एकदाच टोचून काम करणारं कोणीतरी ओळखीचं हवं, एवढंच माझ्या डोक्यात होतं. ओळखीचं कोणी नव्हतं. मी बीएस्सी होऊन घरी बसले होते. म्हटलं, आपणच शिकू.

वर्ध्याला आईला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "तू? तू तं लस टोचाच्या दिवशी शाळेतून पळून आल्ती."

*

कर्वेनगरात एका लॅबच्या वरच्या मजल्यावर आमचा वर्ग. शिकवायला सोहोनी मॅडम. उभं आयुष्य लोकांच्या शिरा शोधण्यात गेलेलं, आवाज कधी चढवायच्या नाहीत. त्याची गरजच पडायची नाही.

पहिल्या दिवशी त्यांनी एक गोष्ट सांगितली आणि म्हणाल्या, बाकी सगळं विसरलात तरी ही विसरू नका. दंडाला रबराचा पट्टा बांधायचा, म्हणजे शीर फुगते. नळीत रक्त आलं की आधी पट्टा सोडायचा, मग सुई काढायची. उलट केलं तर दाबाखालचं रक्त बाहेर येतं, कातडीखाली साकळतं, आणि माणूस आठवडाभर निळा हात सगळ्यांना दाखवत फिरतो.

इतकं सोपं. आणि नेमकं हेच सगळे विसरतात. कारण नळीत रक्त दिसलं की असा काही जीव भांड्यात पडतो, की आपल्याला वाटतं, झालं काम!

सराव रबरी हातावर. त्याच्या शिरांमध्ये लाल पाणी भरलेलं. माझा नंबर आला तेव्हा मी त्या हाताला म्हणाले, "थोडंसं दुखेल हं." वर्ग हसला. मी आणखी गडबडले, सुई घातली, लाल पाणी आलं, आणि आनंदानं सुई बाहेर ओढली. कुर्त्यावर पिचकारी.

मॅडम खोलीच्या दुसऱ्या टोकाला काहीतरी लिहीत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "दुखेल ते सांगितलंत, छान केलंत. पट्टा."

त्यानंतर कोर्सभर आम्ही तो शब्द ऐकला. एकच शब्द, मान वर न करता. त्यांना दिसायचं कसं हे आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही.

माझा आणखी एक दोष त्यांनी लगेच हेरला. सुई आत असताना मी श्वासच घ्यायची नाही. "श्वास घ्या, मेश्राम," त्या म्हणाल्या. "तुम्ही पडलात तर दोन पेशंट होतील."

*

दुसरा नियम नावाचा. "तुम्ही अमुक ना?" असं विचारायचं नाही. घाबरलेला माणूस कशालाही मान हलवतो. त्यानं स्वतःच्या तोंडानं पूर्ण नाव सांगायला हवं.

खऱ्या माणसांवर काम सुरू झालं त्या आठवड्यात माझ्यासमोर एक आजोबा बसले. पांढरा शर्ट, बाही आधीच दुमडलेली. मी म्हटलं, "आजोबा, पूर्ण नाव सांगा."

"तुमच्या हातातल्या कागदावर आहे की."

"ते मला दिसतंय. पण तुम्ही सांगा."

"म्हणजे तुमचा कागदावर विश्वास नाही, का माझ्यावर?"

मागे रांग, सगळे उपाशी, सगळे माझ्याकडे बघतायत. सोडून द्यावं असं अगदी ओठांवर आलं होतं. पण मॅडम दारात उभ्या होत्या, म्हणून मी नुसतीच सुई हातात धरून थांबले. आजोबांनी एक मोठा उसासा टाकला आणि स्वतःचं नाव सांगितलं. वडिलांच्या नावासकट, मूळ गावासकट.

कागदावरचं नाव ते नव्हतंच. आडनाव तेच, माणूस दुसरा. कागदावरचे गृहस्थ बाहेर निवांत पेपर वाचत होते. याची साखर त्याच्या नावावर गेली असती, आणि मग याच्या गोळ्या त्याला.

आजोबा मात्र खूश. बाही सारखी करत म्हणाले, "बघा. कागदावर विश्वास ठेवू नये."

*

सलमा माझ्या शेजारी बसायची. कोंढव्याहून यायची, हात इतका हलका की मॅडमसुद्धा तिला फार बोलायच्या नाहीत. म्हणून तिचा हा किस्सा आम्ही जपून ठेवलाय.

नळ्यांच्या झाकणांचे रंग असतात आणि आत वेगवेगळी औषधं. लाल झाकणाची आधी भरायची, जांभळी नंतर. आणि एकीतलं दुसरीत कधीही ओतायचं नाही. एका बाईंचं रक्त लाल नळीत जरा कमी पडलं. त्यांना परत टोचायला सलमाच्या जिवावर आलं. तिनं जांभळीतलं थोडंसं लालमध्ये ओतलं. दयाच होती ती.

थोड्या वेळानं खालून लॅबवाल्यांचा फोन. या पेशंट कुठे आहेत, ताबडतोब बघा, पोटॅशियम भलतंच आलंय, हृदय केव्हाही बंद पडेल! आम्ही जिन्यावरून धावत सुटलो. खाली वेटिंगमध्ये बाई नाहीत. बाथरूममध्ये नाहीत. एकजण रिक्षा बघायला गेली. सलमा जिन्याच्या कठड्याला धरून उभी होती, पांढरीफटक. तिथंच ती हळूच म्हणाली की जांभळीतलं थोडं ओतलं होतं. जांभळीतल्या औषधात पोटॅशियमच असतं, हे तिला त्या क्षणी आठवलं असावं.

मॅडमनी ऐकून घेतलं. रस्त्यापलीकडच्या टपरीकडे बघितलं.

"रिपोर्टप्रमाणे त्या बाई वारल्यात," त्या म्हणाल्या. "समोर पोहे खातायत. त्यांना बोलवा, माफी मागा, आणि परत रक्त घेऊन जिवंत करा."

*

या कामामुळे एक वाईट सवय लागते. माणसाच्या चेहऱ्याकडे लक्षच जात नाही, कोपराच्या आतल्या बाजूकडे जातं. पीएमटीच्या बसमध्ये दांडीला धरून उभे असलेले लोक म्हणजे मला शिरांचं प्रदर्शन वाटायचं. ही छान, ही लपलेली, ही हलणारी.

मॅडमनी शिकवलं होतं, शीर डोळ्यांनी शोधू नका, बोटानं शोधा. दाबली की स्पंजासारखी परत वर येते ती शीर.

एकदा मंडईत भेंडी घेत होते. भाजीवाल्या दादांनी पिशवी द्यायला हात पुढे केला. काय ती शीर! दोरीसारखी, सरळ. माझं लक्ष कुठं होतं कोणास ठाऊक, मी पिशवी न घेता त्यावर बोट ठेवलं आणि दाबून बघितलं. परत वर आली.

दादा माझ्याकडे बघत राहिले. शेजारची कोथिंबीरवाली बघत राहिली.

"ताई," दादा म्हणाले, "भेंडी ताजी आहे. मी नाही."

*

घरी माझा सराव संध्याकाळी चालायचा. सुई घरी आणायची परवानगी नव्हती, पण पट्टा होता. टॉवेलची गुंडाळी म्हणजे हात. मीच मेश्राम, मीच सोहोनी मॅडम, सगळं मोठ्यानं बोलत. मैत्री शेजारी बसून वरणभात खायची आणि बघायची. काही बोलायची नाही. मला वाटायचं, हिच्या मनातली भीती मीच रोज उगाळतेय का? आई म्हणून मी बहुतेक गोष्टी चूक करते अशी माझी समजूत आहेच.

माझा नवरा नितीन खराडीला नोकरी करतो. एके दिवशी ऑफिसातून आला आणि उदार होऊन म्हणाला, टॉवेल कशाला, माझा हात घे, नुसती शीर शोधायची आहे ना? बाही वर करून सोफ्यावर बसला. मी पट्टा बांधला, मूठ आवळायला सांगितली, ओला कापूस फिरवला. तो छताकडे बघत होता. मग हळूहळू, अगदी शिस्तीत, तो सोफ्यावर आडवा होत गेला.

पाय वर केले, तोंडावर पाणी मारलं. डोळे उघडून त्यानं पहिलं काय विचारलं असेल? "किती काढलंस?"

"अजून कापूसच फिरवलाय," मी म्हटलं.

*

मग लहान मुलांवर काम सुरू झालं, आणि हसणं संपलं.

पहिल्याच सकाळी मैत्रीच्या वयाची मुलगी आली. तसेच बारीक हात, तशीच तेल लावलेली वेणी. मी पट्टा बांधला, बोट ठेवलं, आणि पुढे हात जाईचना. मुलीची आई माझ्याकडे अशा नजरेनं बघत होती की ती नजर मला चांगलीच ओळखीची होती. शेवटी मॅडमनी माझ्या हातातून सुई घेतली. एकदाच टोचलं, झालं.

नंतर मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "तुम्हाला तुमची मुलगी दिसत होती. समोरची दिसल्याशिवाय तिची शीर कशी सापडेल?"

मी सगळं सांगून टाकलं. मैत्री, तो माणूस, फ्रॉकच्या आत जाणारे हात. येत्या महिन्यात तिची तपासणी आहे, ती मलाच करायची आहे, त्यासाठीच आलेय. मॅडम ऐकत होत्या.

"नाही," त्या म्हणाल्या. "घरच्या माणसाला टोचायचं नाही. पुस्तकात नाही हा नियम, माझा आहे."

ज्यासाठी शिकायला आले, त्यालाच मनाई. सलमा म्हणाली, ताई, मी करीन तिचं, काळजी नको. सलमाचा हात माझ्यापेक्षा हलका आहे हे मलाही माहीत होतं. तरी त्या दिवशी घरी जाताना रडू आलंच. पुढच्या आठवड्यांत मी मुलांचं रक्त काढायला शिकले. दरवेळी आधी समोरच्या मुलाच्या चेहऱ्याकडे नीट बघायचे, मग हात जायचा.

*

तपासणीचा दिवस. नितीननं आम्हाला लॅबच्या दारापर्यंत सोडलं आणि म्हणाला, मी इथेच थांबतो. कोणी आग्रह केला नाही.

मैत्री खुर्चीत बसली. सलमानं हसून नियमाप्रमाणे विचारलं, पूर्ण नाव सांग. "मैत्री नितीन मेश्राम." स्पष्ट. मग सलमानं हातमोजे घातले, आणि मैत्रीचे दोन्ही हात फ्रॉकच्या आत गेले.

सलमानं गोष्ट सांगितली. फुगा दाखवला. मी समजावलं. हात बाहेर येईनात. जबरदस्तीनं धरायचं तर मलाच धरावं लागणार होतं, पुन्हा. मैत्री माझ्याकडे बघून म्हणाली, "आई करेल."

मी मॅडमकडे बघितलं.

"हात थरथरतोय?" त्यांनी विचारलं.

"हो."

"नाही म्हणाला असतात तर परवानगी दिली नसती." त्यांनी मैत्रीला उचललं, स्वतः पेशंटच्या खुर्चीत बसल्या आणि तिला मांडीवर घेतलं. इतक्या दिवसांत मॅडमना कोणाला मांडीवर घेतलेलं आम्ही पाहिलं नव्हतं. एका हातानं तिला कवेत घेतलं, दुसरा तिच्या कोपराखाली. "चला."

मैत्रीनं हात बाहेर काढला. स्वतःहून.

मी पट्टा बांधला. हा हात मी रोज धुते, पुसते, थंडीत तेल लावते. यात शीर कुठे आहे ते मला माहीत नव्हतं. डोळे मिटून बोटानं शोधली. होती. बारीक, पण दाबली की वर येत होती.

"दुखेल?" तिनं विचारलं.

"हो. थोडंसं. हलली नाहीस तर एकदाच."

ती हलली नाही. सुई गेली. सुईला जोडलेल्या बारीक नळीतून रक्त धावत आलं, एका टोचण्यात! लाल झाकणाची भरली. मग जांभळी. मैत्रीचा खालचा ओठ थरथरत होता, पण हात जागच्या जागी. मला समोरचं धूसर दिसायला लागलं होतं. श्वास मी कधीपासून घेतला नव्हता कोणास ठाऊक. सलमानं नळ्या घेतल्या. मी कापूस उचलला, जखमेवर धरला, आणि सुई काढायला बोटं पुढे केली.

मॅडमनी तोंड उघडलं. पण त्यांच्या मांडीवरून आधीच आवाज आला, अगदी शांत, मान वर न करता.

"आई, पट्टा."