बाळूच्या मळ्यातलं जेवण

हसायचं असेल तर आधीच हसून घ्या मंडळी, कारण मी तिथं जे करून बसलो ते सांगताना मला मधे थांबता यायचं नाही.

मी गणिताचा मास्तर. तीस वर्षं कन्नड गावच्या शाळेत पोरं बडवली आणि रिटायर होऊन पडेगावला घर बांधलं. आता दुपारभर टीव्हीसमोर बसणं, हीच काय ती समाजसेवा. एका शनिवारी जुना काळा-पांढरा खुनाचा पिक्चर लागला होता. रानात एकटं घर. मालकाला ज्यांनी ज्यांनी छळलं, त्यांना तो आग्रहानं जेवायला बोलावतो आणि एकेकाचा काटा काढतो. पहिला पाहुणा विहीर बघायला म्हणून घरामागं जातो, तो परत येतच नाही.

पिक्चर संपतोय तोच फोन वाजला.

"सर, बाळू बोलतोय. उद्या दुपारी मळ्यात जेवायला या. पठाण सरांनाबी बोलावलंय."

हा बाळू म्हणजे मी नववीत नापास केलेला पोरगा. पठाण सर पीटीचे. त्यांनी त्याला ग्राउंडभर पळवलेला. झाला ना पिक्चर तयार?

नाही म्हणायला हवं होतं. पण रिटायर मास्तराला शालीचा मोह सुटतो का कधी?

कन्नडच्या पुढं, रानात एकटंच घर. आजूबाजूला नजर जाईल तिथवर दुसरं छप्पर नाही. बाळूनं पाया पडून बसवलं. आत त्याची आई भाकरी थापत होती.

"पठाण सर कुठंयत?"

"घरामागं गेलेत, मेंढ्या बघायला. अर्धा तास झाला."

मला विहीर बघायला गेलेला पाहुणा आठवला. तेवढ्यात मटणाचं ताट समोर आलं.

"बाळू, तू खा आधी."

"असं कसं सर? आधी पाव्हणं."

"मग ह्या तांब्यातलं पाणी तरी पी."

बिचारा प्यायला. मग म्हणाला, "सर, नववीतली एक गोष्ट लई वर्षं मनात हाय. आज बोलून टाकतो."

पिक्चरमधला मालक हेच बोलून सुरी काढतो. मी उठून हात जोडले.

"बाळू, माझं चुकलं. तू नापास नव्हतासच. तुझ्या पेपरची पुरवणी मी तपासलीच नव्हती. दिवाळीच्या सफाईत कपाटामागं सापडली. अब्रू जाईल म्हणून मी ती बंबात घातली. पण मला मारू नकोस."

तेवढ्यात पठाण सर आत आले, ठणठणीत, शर्टाला लोकर चिकटलेली. "अरे, खडे कायको हो सर? बैठो ना."

"सर, मी तर तुमचे उपकार मानायला बोलावलं," बाळू सावकाश म्हणाला. "तुम्ही नापास केलं, शाळा सुटली, मेंढ्यांत पडलो अन् हे घर झालं. एवढंच सांगायचं व्हतं." मग जरा थांबून, "म्हंजी मी पास व्हतो?"

"काठावर," मी म्हणालो. मास्तरकी जाते कुठं?

आतली थापथाप थांबली. त्याची आई पिठाच्या हातांनी बाहेर आली.

"ह्याला मी जलमभर ढ म्हनत आले," ती म्हणाली. "त्या निकालाच्या दिशी उपाशी निजवलं व्हतं."

तिनं माझ्यापुढचं ताट उचललं आणि पठाण सरांपुढं ठेवलं.

त्या घरात माझ्यावर कुणाचाच राग नव्हता. तेवढीच एक उणीव होती. ती मी स्वतः जाऊन भरून काढली.