झुंबरबाई आणि पाच अडेल कॉम्प्युटर

आमच्या गावात विहिरीवरची मोटार जळाली की माणसं ती मोटरसायकलच्या मागे बांधून झुंबरबाईंकडे आणतात आणि ओट्यावर ठेवून एकच शब्द बोलतात, "जयनी." झुंबरबाई मोटारीला हात लावत नाहीत. आधी माणसाला बसवतात, पाणी देतात आणि विचारतात, "जयनी हाई माले दिसस. बंद कशी करी व्हती ते सांगा." केळीला पाणी सुटत नाही म्हणून माणूस आधीच तापलेला असतो, त्यात ही उलटतपासणी. पण सांगावं लागतं. लाईट कधी गेली, स्टार्टर कुणी दाबला, आधी हात कुणी लावला. सगळं ऐकून घेतल्यावरच बाई पाना उचलतात.

दुकान खरं त्यांच्या यजमानांचं, अभिमनभाऊंचं. पण भाऊंचे हात जाड, बारीक तार गुंडाळताना त्यांच्या हातून तुटायची. नव्या सुनेच्या हातून तुटत नव्हती. मग भाऊ मोटारी खोलून देऊ लागले आणि बाई त्यांत तार भरू लागल्या. पंचवीस वर्षं झाली. आता गिऱ्हाईक दुकानात डोकावून भाऊंनाच विचारतं, "अक्का शेतस का?"

मी ज्ञानेश्वर, इथल्या शाळेत तीस वर्षं मराठी शिकवून निवृत्त झालो. गाव मला नाना म्हणतं. नऊ वर्षांपूर्वी सोसायटीच्या रिकाम्या गोदामात आम्ही कॉम्प्युटर क्लास काढला, तो मी सांभाळतो. झुंबरबाई तिथे पहिल्यांदा आल्या त्या पंखा दुरुस्त करायला. पंखा फिरायला लागला, पण बाई स्टुलावरून उतरेनात. खाली पोरी पडद्यावर काय करताहेत ते वरूनच पाहत उभ्या. दुसऱ्या दिवशी त्या वही घेऊन आल्या आणि सगळ्यात मागे बसल्या. वय एकोणचाळीस, शिक्षण नववी. मी मनात म्हटलं, आठ दिवस टिकतील. त्या कोर्स पूर्ण करून थांबल्या नाहीत, पुढचाही केला, आणि चार वर्षांपासून रोज अकरानंतर तोच क्लास शिकवतात. पोरींसमोर पुस्तकी मराठी बोलतात. राग आला की मात्र अहिराणी.

आता मुद्द्यावर येतो, कारण मास्तर लोकांना पाल्हाळाची सवय असते आणि मीही त्याला अपवाद नाही.

गेल्या वर्षी जळगावच्या मुख्य केंद्राचं पत्र आलं. जुनी दहा नंबरची विंडोज आता चालणार नाही, परीक्षा घ्यायची तर सगळे कॉम्प्युटर अकरा नंबरवर हवेत. सोमवारी तपासनीस येतील. मशीन तयार नसतील तर परीक्षा चोपड्याच्या केंद्रावर होईल.

शहरातल्या माणसाला यात काही विशेष वाटायचं नाही. चोपडा बारा किलोमीटर. पण परीक्षा सुटते सहाला आणि तिथून आमच्याकडे येणारी शेवटची बस निघते साडेपाचला. आमच्याकडे बावीस पोरी शिकत होत्या. त्यातल्या रूपाचे वडील मला रस्त्यात थांबवून म्हणाले, "नाना, मनी पोर अंधारमा येकटी कशी ई? पेपर आठे व्हई तं ठीक, तठे व्हई तं ऱ्हाऊ द्या." आठे म्हणजे इथे, तठे म्हणजे तिथे. एकट्या त्यांचंच असं म्हणणं नव्हतं. पेपर चोपड्याला गेला असता तर बावीसपैकी चार-पाच पोरी पोहोचल्या असत्या, बाकीच्यांचं वर्ष वाया. आणि एकदा वर्ष बुडालेली पोर आमच्याकडे परत वर्गात बसत नाही, तिच्या लग्नाची बोलणी सुरू होतात. हे मी तीस वर्षं पाहिलेलं आहे.

गुरुवारी झुंबरबाईंनी आठही कॉम्प्युटरवर तपासणीचा प्रोग्रॅम चालवला. मशीन नव्या विंडोजच्या लायकीचं आहे की नाही, ते हा प्रोग्रॅम सांगतो. आठही पडद्यांवर लाल फुली. नवी विंडोज चालणार नाही.

मी जळगावच्या एका दुकानदाराला फोन लावला. तो म्हणाला, "सर, भंगारात काढा, नवीन घ्या." क्लास चालवणाऱ्या आमच्या मंडळाचे अध्यक्ष प्रेमराज आबा माझ्या शेजारीच बसले होते. नवीन हा शब्द ऐकून त्यांनी डोळेच मिटले.

झुंबरबाई मात्र त्या लाल फुलीखालची बारीक अक्षरं वाचत होत्या. प्रोसेसर ठीक. मेमरी ठीक. जागा ठीक. फुली फक्त एका ओळीपुढे, टीपीएम. ही सुरक्षेची सोय असते, कुलपाच्या किल्ल्या सांभाळणारी. बाईंनी मोबाईलवर शोधलं, कंपनीच्या पानावर मॉडेल नंबर टाकला आणि म्हणाल्या, "नाना, ही सोय मशीनमध्ये आहे. फक्त बंद ठेवलेली आहे."

"मग चालू करा!"

"तेच करते आहे. तुम्ही जरा बाजूला सरका."

मशीन चालू होतानाच एक बटण दाबायचं, म्हणजे आतलं सेटिंगचं पान उघडतं. तिथे ती सोय सापडली, बाईंनी चालू केली, सेव्ह केलं. परत तपासणी. हिरवी खूण! एकामागून एक आठही हिरवी. तोवर साडेपाच वाजले. प्रत्यक्ष नवी विंडोज चढवायला प्रत्येक मशीनला दोन-तीन तास, म्हणून ते काम उद्यावर ठेवलं. मी मात्र उद्यापर्यंत कसला थांबतो? गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकून मोकळा झालो, "परीक्षा गावातच!" खाली पन्नास अंगठे.

शुक्रवारी सकाळी बाई आल्या, खात्रीसाठी पुन्हा तपासणी लावली, आणि पाच मशीनवर लाल फुली.

तीन हिरवी, पाच लाल. बाईंनी आतलं पान उघडलं तर ती सोय पुन्हा बंद. काल चालू केलेली, आज बंद. बाईंनी परत चालू केली, मशीन तीनदा बंद-चालू केलं, सोय जागेवरच. पण मग रात्रीतून झालं काय? कालच्या हिरव्या खुणेवर त्यांचा स्वतःचाच विश्वास उडायला लागला. दिवसभर नवी विंडोज चढवायचं कुणाच्या मनातही आलं नाही. पायाच डळमळीत असेल तर वर मजला कुणी बांधत नाही.

आणि मी काय बोललो? मी म्हणालो, "बाई, काल खरंच झालं होतं ना? का घाईत सेव्ह करायचं राहिलं?"

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. "व्हयेल व्हतं, नाना. मी सोता दखेल शे." एवढंच म्हणाल्या आणि स्क्रूड्रायव्हर पिशवीत टाकून निघून गेल्या. मला आजही त्या वाक्याची लाज वाटते. ग्रुपवर माझी फजिती होणार या भीतीने मी दोष त्यांच्या माथी मारायला निघालो होतो.

संध्याकाळी मंडळ बसलं. प्रेमराज आबा म्हणाले, "कळवून टाका जळगावला, आमचं जमत नाही म्हणून. लोकांना तरी खोटी आशा नको." पत्राचा मजकूर मी सांगत होतो, एक जण लिहीत होता. तेवढ्यात झुंबरबाई दारात उभ्या राहिल्या. आमच्या मंडळात बाई नाही, बोलावलंही कुणी नव्हतं.

"आबा, माले एक दिन द्या."

"एका दिवसात काय होणार, अक्का?"

"ते उद्या सांगस."

आबांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, आणि त्या दोन दिवसांत मी केलेली ती एकमेव शहाणपणाची गोष्ट.

शनिवारी मी नेहमीप्रमाणे साडेनऊला क्लास उघडायला गेलो तर बाई आधीच पायरीवर बसलेल्या. हे नवीन होतं. त्या यायच्या अकराला, तोवर मी सगळं मांडून ठेवलेलं असायचं.

"नाना, बसा," त्या म्हणाल्या. त्यांनी मला पाणी दिलं. मी ग्लास हातात घेतला आणि लक्षात आलं की आज मी मोटारवाला गिऱ्हाईक आहे.

"सांजले जाताना तुम्ही काय काय करतस? बठ्ठं सांगा. काही सोडू नका."

मी सांगितलं. पोरी गेल्या की कॉम्प्युटर नीट बंद करतो. खिडक्या लावतो. मग मेन स्विच पाडतो. हे मी जरा अभिमानानेच सांगितलं. आमच्या लाईनचा भरवसा नाही, रात्री कधी एकदम दाब वाढतो. आमच्या गल्लीतले तीन टीव्ही त्याने गेले. म्हणून गावात घर बंद करताना मेन पाडल्याशिवाय कुणी कुलूप लावत नाही. नऊ वर्षांत माझा एक दिवस चुकलेला नाही.

"आणि सकायले?"

"मेन वर करतो, उदबत्ती लावतो, मशीन चालू करतो. मग घड्याळं लावतो."

"कोनता घड्याय?"

"कॉम्प्युटरची. काहींची तारीख मागे गेलेली असते ना. तारीख चुकली की इंटरनेट उघडत नाही. मी भिंतीवरच्या घड्याळात बघून लावून ठेवतो."

"किती मशीनची?"

मी मनातल्या मनात मोजलं. "पाच."

बाई उठल्या. "चला. आज तुम्ही हात लावू नका, फक्त दाखवा." मेन वर केला. पहिल्या लाल मशीनचं बटण दाबलं. पडदा काळा, त्यावर इंग्रजीत दोन ओळी आल्या. माझं बोट सवयीने पुढे गेलं. बाईंनी माझा हात धरला.

"हाई काय शे?"

"हे? हे तर रोज येतं. एफ-वन दाबलं की जातं."

बाई वाकल्या आणि एकेक शब्द जोडत वाचू लागल्या. त्यांना इंग्रजी वाचायला वेळ लागतो, पण त्या शब्द सोडत नाहीत. ओळीत लिहिलं होतं की आतली बॅटरी संपली आहे आणि सगळी सेटिंग्ज मूळपदावर गेली आहेत. पुढे जायचं असेल तर एफ-वन दाबा.

"नाना," त्या म्हणाल्या, "मशीन रोज सांगी राह्यनं, माले काय व्हयनं ते. आनी तुम्ही रोज त्यानं तोंड दाबी राह्यनात."

तीस वर्षं मी पोरांच्या पाठीत धपाटे घातले, आधी प्रश्न वाचा, मग उत्तर लिहा म्हणून. आणि मी स्वतः दोन ओळी दोन वर्षं न वाचता पुढे ढकलत होतो.

मग बाईंनी समजावलं. कॉम्प्युटरच्या पोटात रुपयाच्या नाण्याएवढा एक सेल असतो. वीज नसताना घड्याळ आणि आतली सेटिंग्ज तो सांभाळतो. सेल मेला तरी मुख्य वीज चालू असेपर्यंत कळत नाही. म्हणूनच दिवसा कितीही वेळा बंद-चालू केलं तरी सोय टिकत होती. रात्री मी मेन पाडला की मशीन सगळं विसरायचं, बाईंनी लावलेलंही. ती तीन हिरवी मशीन मागे एकदा जळगावला दुरुस्तीला गेली होती, तिथे त्यांचे सेल बदलले असणार.

सेल आणायला मी स्वतः चोपड्याला गेलो. बाईंनी सांगितलेला नंबर हातावर लिहून घेतला होता. बस स्टँडजवळच्या घड्याळवाल्याकडे मिळाले. परत येताना इतक्या जोरात गाडी हाकली की रस्त्यात रूपाच्या वडिलांनी थांबवून विचारलं, कुणी आजारी आहे का. म्हटलं, "पाच जण आहेत, औषध घेऊन चाललोय."

बाईंनी एकेका मशीनचा पत्रा उघडला, नखाने मेलेला सेल काढला, नवा बसवला. घड्याळ लावलं, सोय चालू केली. मग मला म्हणाल्या, "आता पाडा मेन."

मी पाडला. चांगला अर्धा तास आम्ही अंधारलेल्या गोदामात बसलो. अभिमनभाऊ दुकानातून चहा घेऊन आले. भाऊंनी बायकोकडे एकदा पाहिलं आणि मला हळूच म्हणाले, "तिनं धरलं ना, की ती सोडत नही." मग मेन वर केला. आठही पडदे उजळले. काळ्या पडद्यावरच्या त्या दोन ओळी नाहीत. बाईंनी तपासणी लावली. हिरवी. हिरवी. हिरवी. आठव्या हिरव्या खुणेला माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि मी ते लपवलं नाही.

"बाई, शुक्रवारी मी जे बोललो..."

"ते जाऊ द्या. कोनतं मशीन पहिलं घेऊ, ते सांगा."

रविवारी सकाळपासून आठही मशीनवर अकरा नंबर चढत होता. पोरी आपणहून आल्या आणि टक्के मोजत बसल्या. चाळीस, बावन्न, सदुसष्ट. एकीच्या मशीनने शंभर गाठलं की बाकीच्या टाळ्या वाजवायच्या.

सोमवारी तपासनीस आले. तरुण माणूस, चेहऱ्यावरून स्पष्ट दिसत होतं की फुल्या मारायला आला आहे. जुने डबे पाहून त्याने कागद काढला. मग पहिलं मशीन चालू केलं, दुसरं केलं, आठव्यापर्यंत गेला, परत पहिल्याकडे आला.

"ही तर जुनीच आहेत. कुणाकडून करून घेतलं?"

मी झुंबरबाईंकडे बोट केलं. त्याने त्यांना खोदून खोदून विचारलं. बाई न अडखळता सांगत गेल्या, पुस्तकी मराठीत. सेलचं ऐकून तो थांबला. "धुळ्याकडच्या दोन केंद्रांचं असंच रडगाणं आहे, रात्रीतून सेटिंग जातं म्हणून. त्यांना तुमचा नंबर देऊ का?"

"द्या," बाई म्हणाल्या. "पण आधी त्यांना विचारा, संध्याकाळी कोण काय बंद करतं."

मग फॉर्म आला. तांत्रिक जबाबदारी या रकान्यात नऊ वर्षं माझं नाव होतं, ते त्याने छापूनच आणलं होतं. मी त्याच्या हातातलं पेन घेतलं, माझ्या नावावर आडवी रेघ मारली आणि वर झुंबरबाईंचं पूर्ण नाव लिहिलं. प्रेमराज आबा पाहत होते. त्यांनी चष्मा लावून ते नाव मोठ्याने वाचलं आणि खाली स्वतःची सही केली.

बाहेर निंबाखाली बावीस पोरी आणि त्यांच्यातल्या निम्म्यांचे आईबाप थांबले होते. दार उघडून झुंबरबाई पायरीवर आल्या. रूपाने विचारलं, "अक्का, पेपर कोठे?"

बाईंनी एकदा पदराने चेहरा पुसला आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडल्या,

"आठेच!"