व्रणाला धरून बसलेला कोंब

नव्वदच्या दशकात मी सांगलीच्या एका खासगी दवाखान्यात आतड्यात दुर्बीण घालून तपासायच्या खोलीत नर्स होते. डॉक्टर, म्हणजे आमचे सर, दुर्बिणीला डोळा लावून उभे असत आणि तारेचा फास मिटण्या-उघडण्याची मूठ माझ्या हातात असे. आतड्याच्या आतल्या बाजूला मांसाचा कोंब येतो, त्याला पॉलिप म्हणतात. देठ असला की फास टाकून, वीज देऊन दोन मिनिटांत निघतो.

औंधकडच्या मावशींचा तसा नव्हता. पन्नाशीच्या बाई, मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाकाला. वर्षभर शौचातून रक्त जात होतं, ते लाजेपायी कुणाला सांगितलं नव्हतं. एके दिवशी कणीक मळताना चक्कर येऊन पडल्या तेव्हा कळलं. दुसऱ्या गावच्या डॉक्टरांनी दोनदा तो काढायचा प्रयत्न केला होता. अर्धा राहिला आणि खाली व्रण धरून तिथंच घट्ट चिकटला.

सरांनी त्यांना स्पष्ट सांगितलं, "ऑपरेशन जास्त खात्रीचं. पण जागा खाली आहे, शौचासाठी पोटाला पिशवी लावावी लागेल कदाचित."

मावशींनी सरांकडे नाही, माझ्याकडे पाहिलं. "बाई, पिशवी लावल्यावर पोरी माझ्या हातचं खातील का वो?"

अशा वेळी काय बोलायचं ते आम्हाला शिकवलेलं असतं. ते सोडून मी म्हटलं, "काही खातील, काही नाही."

सरांना ते आवडलं नाही. मावशी मात्र म्हणाल्या, "मग आधी दुर्बिणीनंच बघा. न्हाईच जमलं तर कापा."

पहिल्या खेपेला सरांनी कोंबाखाली सुईनं मिठाचं पाणी सोडलं. त्यानं कोंब फोडासारखा वर येतो आणि खालचं आतडं वाचतं. कडा वर आल्या, मधला भाग जागचा हलला नाही. तसं न हलणं हे कधी कधी कॅन्सरचंही लक्षण असतं. सरांनी फक्त कडा काढल्या, तपासायला पाठवल्या आणि तिथंच थांबले. रिपोर्टमध्ये कॅन्सर नव्हता.

दीड महिन्यानं मधला भाग घ्यायचा होता. फास व्रणावरून पुन्हा पुन्हा निसटत होता. तासभरानं एकदाचा बसला.

"आवळ," सर म्हणाले.

मी मूठ थोडी ओढली आणि थांबले. नेहमी मांस लागतं तसं लागत नव्हतं.

"सर, हे जाड लागतंय."

"आवळ म्हटलं ना."

मी आवळलं नाही. सोडलंही नाही. मावशी गुंगीतच विचारत होत्या, "काय झालं?"

"काही नाही मावशी, पडून राहा."

सरांनी दुर्बीण जरा फिरवून पुन्हा पाहिलं. मग हळू आवाजात म्हणाले, "सैल कर." फासात आतड्याची भिंतच ओढली गेली होती. आवळून वीज दिली असती तर भोक पडलं असतं. त्यानंतर सरांनी लहान लहान तुकडे घेतले आणि फासात न येणारा भाग विजेच्या टोकानं जाळला. दुपारी मावशींचं पोट दुखू लागलं. एक्स-रे काढला, आतड्यातली हवा बाहेर आलेली नव्हती, म्हणजे भोक पडलं नव्हतं. तरी दोन दिवस ठेवून घेतलं.

तीन महिन्यांनी पाहिलं तेव्हा तिथं नुसता पांढरा, आकसलेला व्रण होता. त्याचाही तुकडा तपासला. काही निघालं नाही.

त्या दिवशी हात धुताना सर म्हणाले, "तेव्हा तू आवळलं नाहीस."

"नाही."

"बरं केलंस."

या विषयावर आम्ही तेवढंच बोललो. मला भीती वाटली होती की राग आला होता, हे आता नक्की सांगता येत नाही. मावशींना त्यातलं काही कळलं नाही. त्या वसतिगृहात परत रुजू झाल्या आणि वर्षाच्या वर्षाला तपासणीला येत राहिल्या. पोट साफ करायचं चार लिटर खारट औषध समोर ठेवलं की तोंड वाकडं करून म्हणायच्या, "आवं बाई, ह्या पाण्यापरीस तुमची दुर्बीण लय बरी."